पदकाच्या कडेवरचं नाव

हातातली कामं आवरली असतील तर जरा टेकून बसा. आज आम्ही गटातल्या बाया एका डब्याविषयी बोलणार आहोत.

आमच्या सातारा भागात कितीतरी घरांत असा डबा सापडतो. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. आत पिवळे पडलेले कागद, एखादा फोटो, रंग उडालेल्या फितींचे तुकडे आणि दोन-तीन गोल बिल्ले. कोणी त्याला चकती म्हणतं, कोणी मेडल. काही घरांत देवाजवळ तलवारही असते. दसऱ्याला हे सगळं बाहेर निघतं. आपण चिंच आणि राख लावून घासतो, हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा वर्षभर आत ठेवतो. ते नेमकं कोणाचं आहे, त्याचं मोल किती, हे विचारायची वेळ बहुतेक पैशाची नड आल्यावरच येते. आमच्यावरही ती तशीच आली.

दोन वर्षांमागची गोष्ट. जून महिना होता. आमच्या गटातल्या एका ताईला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. तिने ट्रंकेतला डबा काढला आणि तालुक्याच्या गावी सोनाराकडे नेला. दोन बिल्ले होते. एक त्याने घासून पाहिला, म्हणाला चांदी आहे, आणि वजन करून भाव सांगितला. दुसरा काशाचा, तो त्याने बाजूला सारला. सोनाराने फसवलं नाही. काट्यावर जेवढी चांदी भरली तेवढाच भाव त्याने सांगितला. ताई घरी विचारून येते म्हणाली.

घरी तिच्या सासूबाई, वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, त्यात आजेसासरे आहेत. त्यांचं दुसरं काहीच आलं न्हाई घरी."

ताई दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन गटाच्या बैठकीला आली. आम्ही सगळ्यांनी बिल्ले हातात घेऊन पाहिले. एकावर राजाचं तोंड, दुसऱ्यावर पंखवाली बाई. कोणालाच काही कळेना. मग तिच्या मुलीने मोबाइलची बॅटरी लावली, बिल्ला आडवा धरला आणि म्हणाली, "आई, याच्या कडेवर अक्षरं आहेत."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. पदकाचं तोंड आणि पाठ सगळे बघतात. खरी माहिती असते ती कडेवर. रुपयाच्या नाण्याला जिथे रेघा असतात, त्या जाडीवर. तिथे इंग्रजी मोठ्या अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताईच्या बिल्ल्यावर ११० नंबरची मराठा पलटण वाचता आली. शिपाई हा हुद्दा कळला. पण नंबर पुसट होता आणि नावातली पहिली काही अक्षरं गेलेली होती. कशाने गेली असतील? दसऱ्याच्या घासण्याने. सासूबाईंची आजेसासू दरवर्षी स्वतः चिंच लावून ते चकचकीत करायची. नंतर सासूबाईंनी केलं, मग ताईने. तिघींनीही मायेपोटी केलं, आणि त्यातच नाव झिजत गेलं.

ही पदकं कोणती, ते आधी सांगतो. १९१४ ते १९१८ या काळात पहिलं महायुद्ध झालं. तेव्हा आपल्याकडची हजारो माणसं इंग्रजांच्या फौजेतून परमुलखात लढायला गेली. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. त्या युद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण गावात जपलेली आहे. त्या युद्धानंतर शिपायांना दोन पदकं सर्रास मिळाली. एक चांदीचं. त्याच्या एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, आणि १९१४ व १९१८ ही सालं. त्याची फीत मध्ये नारिंगी, कडांना पांढरी, काळी, निळी. दुसरं काशाचं, त्यावर पंख पसरलेली विजयाची देवी, फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. काहींना १९१४-१५ असं लिहिलेला काशाचा ताराही मिळाला. त्याचं नाव कडेवर नसतं, पाठीवर असतं.

जो शिपाई कामी आला, त्याच्या घरी काशाची एक मोठी चकती पाठवत, साधारण अर्ध्या वितीएवढी. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह आणि चौकटीत शिपायाचं नाव. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या ओतल्या गेल्या. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरी ती तांब्यावर झाकण म्हणून वापरात होती. त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं, की तिच्या रोजच्या झाकणावर तिच्या घरच्या माणसाचं नाव आहे.

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५ चं. त्यातले तारे सहा टोकांचे, पितळेसारखे पिवळे. मधोमध मुकुट आणि भोवती इंग्रजीत मुलखाचं नाव: आफ्रिका, इटली, बर्मा. त्यावरून आपला माणूस कुठे लढला ते कळतं. याच इटलीत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच १९४४ साली कामी आले. याच काळातली गोल पदकं चांदीसारखी दिसतात, पण ती चांदी नव्हे. तांबं आणि निकेल यांची मिश्र धातू असते. हिंदुस्थानचा नकाशा असलेलं एक पदकही त्याच धातूचं आहे. वितळवून हाती काहीच लागणार नाही.

स्वातंत्र्यानंतरची पदकं वेगळी. १९६५ च्या लढाईचा समर सेवा तारा, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी तारे. सगळ्यांत वरचं परमवीर चक्र. बायांनो, ते परमवीर चक्र एका बाईने रेखाटलं आहे. सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपातल्या, स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यातून इंद्राचं वज्र घडलं, ही कथा मनात धरून त्यांनी पदकावर चार वज्रं काढली. आणि ते पहिलं पदक ज्यांना मरणोत्तर मिळालं, ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्याच थोरल्या लेकीचे दीर होते.

आता मोल कसं ठरतं, ते बघू. जुनं म्हणजे महाग, असं आपण धरून चालतो. तसं नाही. पहिल्या महायुद्धाचं ते चांदीचं पदक पासष्ट लाखांच्या आसपास वाटलं गेलं. एवढं असेल तर नुसत्या पदकाला कितीसा भाव येणार? १९८० च्या सुमारास जगभर चांदीचा भाव एकदम चढला, तेव्हा इंग्लंडातसुद्धा लोकांनी ही पदकं ढिगांनी वितळवली. पण हेच पदक मजूर पलटणींतल्या काही माणसांना चांदीऐवजी काशाचं दिलं गेलं. ती थोडी होती, म्हणून संग्रह करणारे लोक त्यांना जास्त विचारतात. म्हणजे सोनाराने जे बाजूला सारलं असतं, त्याला बाहेर जास्त मोल.

संग्रह करणारा माणूस पाच गोष्टी बघतो. कडेवर नाव स्पष्ट आहे का? ती पलटण कोणत्या लढाईत होती? त्या माणसाची सगळी पदकं एकत्र आहेत का? सोबत कागद, फोटो, पेन्शनचं पुस्तक आहे का? आणि मूळची फीत, मूळचा रंग शाबूत आहे का? घासून चकचकीत केलेलं पदक त्यांना नको असतं. काळवंडलेलं चालतं. कोणी नाव खरवडून दुसरं कोरलं असेल, तर कड तेवढ्या जागी पातळ लागते आणि अक्षरं ओबडधोबड दिसतात. बाजारात नकलाही खूप आहेत. ओतीव नकलेची अक्षरं बुळबुळीत दिसतात आणि कडेभोवती साच्याची रेघ राहते.

कागद आणि पदक एकत्र ठेवा म्हणतो ते का, हे सोव्हिएत रशियाच्या पदकांवरून नीट कळतं. तिकडे लाल तारा नावाचं पदक होतं. चांदीचं, त्यावर लाल मिन्याचा पाच टोकांचा तारा, मध्ये बंदूक घेतलेला शिपाई. आता तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात इराणच्या वाटेने रशियाला रसद पोचवली जात होती. त्या कामावर आपल्या फौजेचे लोकही होते. त्यांतल्या दोघांना १९४४ साली सोव्हिएत सरकारने हा लाल तारा दिला. एक तमिळनाडूतले सुभेदार नारायण राव निकम आणि दुसरे उत्तराखंडचे हवालदार गजेंद्र सिंह.

या लाल ताऱ्यावर माणसाचं नाव नसतं. पाठीमागे फक्त एक आकडा कोरलेला असतो. तो आकडा कोणाचा, हे सोबतच्या छोट्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका जवळ आहे तोवर पदक बोलतं. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. महागाईने म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनी मातीमोल झाल्या. तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांनी आणि विधवांनी ही पदकं रस्त्यावर बसून परदेशी पाहुण्यांना विकली. तारा एकीकडे गेला, पुस्तिका दुसरीकडे. आज असे तारे जगभर फिरतात. आकडा आहे, माणूस हरवला. खरं तर रशियात सरकारी पदक विकणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे. पण भूक लागली की कायदा कोण बघतो?

तिथेही जुनं म्हणजे दुर्मिळ, असं नव्हतं. जर्मनीवरच्या विजयाचं पितळी पदक जवळजवळ दीड कोटी लोकांना मिळालं. हिऱ्यांचा विजय-तारा मात्र सगळे मिळून वीस वेळाच दिला गेला. दोन्ही त्याच युद्धाची. आणखी एक गोष्ट आम्हाला मनाला लागली. तिकडे पदकवाला मेला की त्याची बहुतेक मोठी पदकं सरकारला परत द्यावी लागायची. १९४२ साली देशभक्तीच्या युद्धाचं म्हणून एक पदक निघालं, तेवढं घरच्यांकडे ठेवायला परवानगी होती. इतरांची तशी सोय पुढे १९७७ साली झाली. आपल्याकडे ते घरातच राहिलं. म्हणून ते सांभाळायची जबाबदारीही घरावर, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईवर आली.

आता तलवारीकडे वळू. "ही शिवकाळातली आहे," असं प्रत्येक घर सांगतं. असेलही, पण तपासावं. आपली जुनी तलवार वाकडी, मूठ लोखंडी, मुठीच्या डोक्यावर गोल वाटी. मूठ पात्याला राळ भरून बसवलेली असते. सरळ लांब पात्याची ती धोप. तिची कित्येक पाती युरोपातून आलेली, म्हणून तिला फिरंगही म्हणतात. त्यामुळे पात्यावर परदेशी अक्षरं दिसली तरी ती तलवार इंग्रजांचीच असेल असं नाही. इंग्रजी फौजेच्या तलवारीवर मुकुट, राजाराणीच्या नावाची अक्षरं, बनवणाऱ्याचं नाव, कधी पलटणीचा शिक्का आणि आकडा असतो. हिंदुस्थानच्या कोठारासाठी आलेल्या मालावर आय, एस, डी ही तीन अक्षरं आणि बाणाची खूण सापडते. विल्किन्सन या इंग्रज कारखान्याच्या अधिकारी-तलवारींवर पात्याच्या पाठीवर आकडा असतो आणि त्यांच्या वह्यांतून तो मालकापर्यंत पोचवता येतो.

लग्नात नवऱ्याच्या हाती देतात ती तलवार बहुतेक नवी, शोभेची. ती स्टीलची असते, चकचकीत, धार नाही, आणि मुठीजवळ झाळ मारलेला दिसतो. जुन्या चांगल्या पोलादात पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. ती धातूच्या अंगातच असते. नकली माल तेजाबाने वरवर नक्षी काढून विकतात.

तलवारीला काय करू नये? विस्तवावर धरू नका, राळ वितळून मूठ सुटते. लिंबू, चिंच, पावडर, काथ्या लावू नका. कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि यंत्राला घालतात ते पातळ तेल अगदी पुसट लावा. ओल्या म्यानात ठेवू नका. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू म्यानाला किंवा पाटाला लावा, पात्याला नको.

कायद्याचंही ऐकून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता शंभरी ओलांडून गेली. म्हणून मोबाइलवर कोणी परदेशातला गिऱ्हाईक गोड बोलून कुरिअर करा म्हणाला, तर करू नका. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो. तो आधी दाखवायला सांगा. तलवार तर वरातीत, मिरवणुकीत, रस्त्यावर काढूच नका. घरात ठेवण्याबद्दल शंका असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, एकटीने नको, दोघी-तिघींनी मिळून जा.

ताईच्या डब्याचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही तिच्या मुलीकडून त्या कडेवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकी फिरवून घेतली. लहानपणी नाण्याचं चित्र काढायचो ना, तसंच. मोबाइलवर दिसत नव्हती ती दोन अक्षरं कागदावर उमटली. ११० नंबरची मराठा पलटण तेव्हाच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत या गावी वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या अखेरीपर्यंत. खायला घोड्याचं मांस उरलं, कित्येकांनी धर्मापायी तेही खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि कैदेत, वाटचालीत पुष्कळ माणसं गेली.

बसऱ्याला त्या सगळ्यांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. पण मैत्रिणींनो, गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली. आपल्या साध्या शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि किती मेले तो आकडा, एवढंच. नावं वेगळ्या वहीत राहिली. युद्धकबरी सांभाळणाऱ्या मंडळाने २०२१ साली या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. त्या वहीतली नावं आता मोबाइलवर फुकट शोधता येतात. तिथे पुष्कळ शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं.

ताईच्या मुलीने तीन संध्याकाळी शोधलं. इंग्रजांनी आपल्या गावाचं नाव भलतंच लिहिलेलं, म्हणून वेळ लागला. सापडलं तेव्हा तिने ते आजीला वाचून दाखवलं. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजेसासूबाई जाईपर्यंत कुंकू पुसलं न्हाई त्यांनी. कागदच आला न्हाई म्हणायच्या, मग कसं पुसू?"

आम्हाला तेव्हा कळलं की दगडावर नसलेलं नाव फक्त त्या कडेवर होतं, आणि ती कड आपण दरवर्षी घासत होतो.

फीसाठी आम्ही गटातून कर्ज दिलं. पदक घरात राहिलं. पण विकणं पाप आहे, असं आम्ही म्हणत नाही. आमच्याच गावात एका घराने नीट विचार करून विकलं, आणि ती ज्याची त्याची गरज असते. एवढंच करा, की विकण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, कागदाच्या झेरॉक्स काढा, घरातल्या सगळ्यांना, सुनांना आणि लेकींनाही विचारा. आणि वजनावर कधीच देऊ नका.

या आठवड्यात डबा उघडा. उजेड बाजूने पाडा, कड वाचा, पेन्सिलीचा ठसा घ्या. जे दिसेल ते वहीत लिहा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जे आठवतं तेही त्याच पानावर लिहा. पदकं कोरड्या सुती फडक्यात, वेगवेगळी गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. स्वातंत्र्यानंतरचं शौर्यपदक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जा. शौर्यपदकाचा भत्ता माणूस गेल्यावर त्याच्या पत्नीला मिळतो, आणि काही माउल्यांना ते माहीतच नसतं. मराठा पलटणीची चौकशी बेळगावच्या केंद्रात होते, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला. पत्र लिहिताना नंबर, नाव, पलटण तिन्ही लिहा.

येत्या दसऱ्याला ताईने ठरवलं आहे की बिल्ला पाटावर ठेवायचा, फूल वाहायचं आणि त्याला चिंच लावायची नाही. त्याऐवजी तिची मुलगी सगळ्यांसमोर कडेवरचं नाव मोठ्याने वाचणार आहे. तुमच्या डब्यात कोणाचं नाव निघालं, ते आम्हाला कळवा. राम राम.